भाऊरावची पोरगी मॅनेजर झाली

रूपाली सोमकुवर आमच्या सूतगिरणीची प्रॉडक्शन मॅनेजर झाली त्या दिवशी सकाळी गेटवर हार घेऊन उभ्या असलेल्या लोकांत विनोद खवसे सगळ्यांत पुढे होता. त्याच्या हातातला हार सगळ्यांत मोठा होता. तिनं तो गळ्यात घालू दिला नाही. हातात घेतला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. दिवसभर तो तिथंच पडून होता.

मी त्या गिरणीत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. गिरणी सौसरच्या रस्त्याला आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण मालक आता दुसरे आहेत आणि ते चांगले आहेत. हजेरी मांडायची, सुट्ट्यांचे कागद पाहायचे, साहेब सांगतील ते टाइप करायचं, हे माझं काम. त्यामुळे रूपालीची हकीकत मला सुरुवातीपासून माहीत आहे. त्या सुरुवातीत मी काय केलं तेही सांगतो.

तिचे वडील भाऊराव सोमकुवर रिंग खात्यात जॉबर होते. म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे. डोळे मिटून उभे राहायचे आणि आवाजावरून सांगायचे की अमक्या रांगेतलं अमकं चातं, म्हणजे सुताला पीळ देणारी फिरती सळई, खराब आहे. लोधीखेड्याहून सायकलनं यायचे. सुपारीचं खांडही कधी तोंडात नसे.

२००६ च्या मार्च महिन्यात ब्लो रूमला आग लागली. ब्लो रूम म्हणजे जिथं कापसाच्या गाठी फोडून यंत्रात झटकतात ती खोली. कापसाबरोबर कधी खिळा येतो, कधी तारेचा तुकडा येतो. तो यंत्राच्या दात्यांवर आपटला की ठिणगी उडते. म्हणून नळीवर मेटल डिटेक्टर बसवलेला असतो. धातू आला की तो झडप उघडून माल बाजूला पाडतो आणि यंत्र थोडा वेळ थांबतं. त्या वर्षी कापूस घाण होता, यंत्र सारखं थांबत होतं, आणि शिफ्ट इनचार्ज विनोद खवसेला महिन्याचा आकडा गाठायचा होता. त्यानं डिटेक्टरची वायर काढून ठेवायला लावली. हे ब्लो रूममधल्या चार माणसांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, कारण मी त्या दिवशी हजेरी घ्यायला तिथं गेलो होतो.

धूर दिसल्यावर भाऊराव आपलं खातं सोडून धावत गेले. नळी बंद केली, पेटलेला कापूस दोन्ही हातांनी ओढून बाहेर टाकला. कोपरापर्यंत हात भाजले. बंब आला तेव्हा ते तिथं उभे होते आणि ते रिंग खात्याचे होते. विनोदला एवढं पुरलं. रिंगचा जॉबर ब्लो रूममध्ये काय करत होता? बिडी ओढायला आला होता, असं त्यानं सांगून टाकलं.

दोन दिवसांत चौकशी झाली. चौघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. जयभीमवाल्यांच्या वस्तीतला माणूस, त्याच्यासाठी साहेबाशी वैर कोण घेणार, असा सगळ्यांचा हिशेब होता, माझाही होता. विनोदनं सांगितलं आणि मी टाइप केलं : ज्वलनशील विभागात बिडी ओढताना आढळल्यामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे. मी एकदाच म्हणालो की भाऊराव बिडी ओढत नाहीत. विनोद म्हणाला, तू टाइप कर.

त्यानंतर आजूबाजूच्या कुठल्याही कारखान्यात भाऊरावांना काम मिळालं नाही. आग लावणाऱ्याला कोण ठेवणार? ते संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जाऊ लागले. भाजलेल्या कातडीला उन्हानं आग व्हायची म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे. गावातली पोरं मागून ‘बिडी’ म्हणून हाक मारायची.

ऑक्टोबरमध्ये ठेकेदारानं बायांची नवी टोळी आणली. मी एकेकीचं नाव लिहून घेत होतो. एक एकोणीस वर्षांची पोरगी समोर आली, बारावी पास, सडपातळ. नाव विचारलं.

“रूपाली भाऊराव,” ती म्हणाली.

मी मान वर केली. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. मी आडनाव न लिहिता तेवढंच नाव लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिनं मला सांगितलं की ती कामाला आली ती पोटासाठी आली नव्हती. पोटासाठी बगीचा होता. ती विनोद खवसेच्या वर जायला आली होती. गिरणीत कोणाच्या वर कोण असतं हे तिनं वडिलांकडून लिहून घेतलं होतं आणि तो कागद उशीखाली ठेवला होता. कामगार, जॉबर, सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, मॅनेजर. विनोद चौथा होता. म्हणजे तिला पाचवं व्हायचं होतं.

पहिली पाच वर्षं तिनं तुटलेले धागे सांधले. रिंग खात्यात तिला वच्छलाबाईनं शिकवलं. ही जुनी कामगार, हाताची इतकी वेगवान की बोटं दिसत नसत. घरी गेल्यावर भाऊराव शिकवायचे. ते तोंडानं चात्यांचे आवाज काढायचे आणि हिनं दोष ओळखायचा. सुटीच्या दिवशी ती फिटर लोकांच्या मागं उभी राहायची. मग तिनं यंत्रकामाचा कोर्स केला, प्रयोगशाळेत मदतनीस झाली, तिथं सुताची ताकद मोजायला शिकली. ज्या खात्याचं काम विनोदला येत नाही ते आधी शिकायचं, असा तिचा नेम होता. तो कामगारांना ‘ए रांग नंबर चार’ अशी हाक मारायचा, म्हणून हिनं तिन्ही पाळ्यांतली नावं पाठ केली. लोकांना वाटायचं पोरगी मायाळू आहे.

२०१४ मध्ये ती दुसऱ्या पाळीची सुपरवायझर झाली. तोवर विनोद मॅनेजर झाला होता. आणि इथं तिचं पाऊल घसरलं. पहिल्या महिन्यात ती सगळ्यांवर ओरडत सुटली. एका संध्याकाळी वच्छलाबाईच्या रांगेत धागे जास्त तुटले, तर हिनं चाळीस बायांसमोर तिची अब्रू काढली. वच्छलाबाईनं तुटलेले धागे सांधले. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन हिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “बाई, तू विनोदसारखी बोलून राहिली.”

रूपालीनं आपला डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना तिनं यंत्रं पाच मिनिटं थांबवली आणि त्याच चाळीस बायांसमोर वच्छलाबाईची माफी मागितली. त्या दिवसापासून नियम केला : चूक सांगायची तर एकटीला बाजूला घेऊन, कौतुक करायचं तर सगळ्यांसमोर. वर्षभरात तिची पाळी तिन्ही पाळ्यांत पहिली आली.

तेव्हा तिच्या बढतीचा कागद विनोदसमोर गेला. त्यात वडिलांचं पूर्ण नाव होतं. मी समोरच उभा होतो. त्यानं ते नाव वाचलं, परत वाचलं, कागद उलटा ठेवला आणि मला विचारलं, ही त्या बिडीवाल्याची का? मी म्हणालो, होय. तुला माहीत होतं? मी म्हणालो, होय. पुढच्या आठवड्यात रूपालीची बदली पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये झाली.

जिनिंग गिरणीचंच होतं, पण तिथं कोणी खुशीनं जात नसे. शेतकऱ्यांच्या गाड्या येतात, कापसातून सरकी वेगळी होते, दिवसभर धूळ. तिथं पाठवलं म्हणजे विसरून जा असा अर्थ. ती नोकरी सोडायला निघाली होती. नुकतंच लग्न झालं होतं, नवरा अमोलचं सौसरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. पण भाऊरावांनी तिला बसवलं आणि म्हणाले, “जाय. खिळा तिथूनच येते.”

ती गेली. अमोलनं दुकान तिकडं हलवलं. रेल्वे लाईनजवळ दोन खोल्या घेतल्या.

पांढुर्ण्यानं तिला घडवलं असं मी म्हणतो. ती म्हणते, रागानं घडवलं, गाव कोणतंही चाललं असतं. तिथं कापसाच्या ढिगावर पासष्ट बाया काम करत. ढिगात काही धातू सापडला तर त्या तो गुपचूप खाली टाकून पुढे जात, कारण सांगितलं तर आधी ‘कोणी टाकलं’ म्हणून दम मिळे. रूपालीनं ढिगाजवळ एक टेबल ठेवलं आणि सांगितलं, जे सापडेल ते इथं आणून ठेवा, कोणाला काही विचारणार नाही. पहिल्या महिन्यात टेबलावर विळ्याचं टोक आलं, सायकलचा आरा आला, कुंपणाची तार, नट, शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक. तिनं खरंच कोणाला विचारलं नाही. आठ वर्षं त्या जिनिंगमध्ये आग लागली नाही. चौथ्या वर्षी ती तिथली इनचार्ज झाली.

इकडे गिरणी विकली गेली. नवे मालक नागपूरचे. त्यांनी नवी यंत्रं आणली, ती विनोदला चालवता येईनात, म्हणून त्याला मॅनेजरचा परत शिफ्ट इनचार्ज केला. मॅनेजर म्हणून बाहेरून आणलेले दोघं टिकले नाहीत. मग मालकानं विचारलं, तुमच्या पांढुर्ण्याचा कापूस इतका स्वच्छ कसा येतो, तिथं कोण आहे? २०२३ च्या दिवाळीनंतर ती परत आली. छत्तीस वर्षांची मॅनेजर, आणि तिच्या हाताखाली छप्पन्न वर्षांचा विनोद.

तीन महिने तिनं त्याला काहीच केलं नाही. तो रोज घाबरत कामावर येई. कोणी फाईल घेऊन आलं की त्याला वाटे, आली नोटीस. मला येऊन विचारी, मॅडम माझ्याबद्दल काही बोलल्या का? मी नाही म्हणायचो. खरंच ती बोलत नव्हती. मात्र त्याची गाडी गेटमधून आत येताना ती खिडकीत उभी असायची, हे मी पाहिलं.

फेब्रुवारीत तिनं त्याला ब्लो रूमची जबाबदारी दिली. दर तासाला लोखंडाचा एक तुकडा स्वतः नळीत टाकायचा, डिटेक्टरची झडप उघडते का पाहायचं, वहीत लिहायचं आणि सही करायची. काम नियमाचंच होतं, कोणी हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतं. पण ते शिकाऊ फिटरचं काम होतं. विनोदच्या नाकातोंडात कापूस जाई, चष्मा पांढरा होई. एप्रिलच्या उन्हाळ्यात त्यानं दुसरं खातं मागितलं. ती म्हणाली, “तुमाले या खोलीची जुनी माहिती हाय विनोदजी. इथंच बरे.”

आणि रोज सकाळी साडेनऊच्या बैठकीत, सगळ्या सुपरवायझर लोकांसमोर, ती पहिला प्रश्न त्याला विचारायची.

“विनोदजी, डिटेक्टर चालू होता का?”

तो उभा राहून म्हणायचा, होय मॅडम. मग ती दुसऱ्या विषयाकडे वळायची. आवाज कधी चढवला नाही. पण प्रश्न एक दिवस चुकला नाही. बैठकीत बसणाऱ्या नव्या पोरांनाही पंधरा दिवसांत कळलं की हा प्रश्न कुठल्या सालचा आहे. पावसाळा गेला, दसरा गेला. विनोद बैठकीच्या कितीतरी आधी येऊन दाराशी उभा राहू लागला. त्याची बायको एकदा माझ्या घरी आली, म्हणाली, त्यांना जेवण जात नाही, तुम्ही मॅडमला सांगा. मी सांगितलं. रूपाली म्हणाली, “माह्या बापाले अठरा वर्ष जात नव्हतं. तवा तुमी कोणाले सांगतलं, काका?”

मी माझ्या टेबलाकडे परत गेलो.

डिसेंबरमध्ये विनोद तिच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, काय पाहिजे ते सांगा. तिनं मला बोलावलं, कागद माझ्या हातात दिला आणि त्याला म्हणाली, आता तुम्ही सांगा, हे टाइप करतील. तो सांगत गेला. डिटेक्टर माझ्या सांगण्यावरून बंद ठेवला होता. आग त्यामुळे लागली. भाऊराव सोमकुवर बिडी ओढत नव्हते, त्यांनी आग विझवली. चौकशीत मी खोटं सांगितलं. तो थांबला. मी थांबलो. रूपाली माझ्याकडे वळली. म्हणाली, खाली आणखी एक ओळ टाका : नोटीस टाइप करणारे नत्थूजी घागरे यांना हे माहीत होतं.

ते माझं नाव. मी ती ओळ टाइप केली. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

कागद काचेच्या नोटीस बोर्डात तीस दिवस राहिला. तिन्ही पाळ्यांनी वाचला. मी रोज त्याच्या समोरून जायचो. भाऊरावांना तिनं निरोप धाडला तेव्हा ते पाऊणशेच्या जवळ आले होते. ते बसनं आले. पांढरा सदरा, कडक इस्त्री, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. मुद्दाम पाळी बदलायच्या वेळेला आले. बोर्डासमोर उभे राहून त्यांनी कागद दोनदा वाचला. मागे शंभरेक माणसं उभी होती. विनोद ब्लो रूममधून निघून येत होता. भाऊरावांना पाहून त्यानं हात जोडले. भाऊराव त्याच्याकडे पाहत राहिले. हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. बराच वेळ विनोद हात जोडून उभा होता. मग भाऊराव पोरीला म्हणाले, चाल. आणि ते गेटकडे निघाले.

मला वाटलं, इथं संपलं. विनोदलाही वाटलं. त्यानं तिला विचारलं, आता झालं ना मॅडम? ती म्हणाली, “उद्या साडेनऊले बैठक हाय.”

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याच्या निवृत्तीला नऊ महिने होते. नऊ महिने तिनं तो विचारला. शेवटच्या दिवशीही विचारला, आणि त्याला उभं राहून होय मॅडम म्हणावं लागलं. निरोपाला नारळ देताना तिनं तो त्याच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

तृप्ती नावाची सव्वीस वर्षांची सुपरवायझर होती. रूपालीनंच निवडलेली, स्वतःच्या हातानं शिकवलेली. पुढची मॅनेजर हीच, असं सगळे धरून चालले होते. विनोद गेल्यावर आठवड्यानं तिनं पांढुर्ण्याला बदली मागणारा अर्ज दिला. रूपालीनं कारण विचारलं. मी तिथं सुट्ट्यांचे कागद घेऊन बसलो होतो, मला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही. तृप्ती आधी घरचं काही सांगू लागली. मग थांबली आणि म्हणाली, “मॅडम, चूक एकटीले बाजूला घेऊन सांगायची, हे तुमीच शिकवलं. कागद लागला तवा मले आनंद झाला होता. पण त्याच्यानंतरचे नऊ महिने मी त्या बैठकीत बसली. माह्याकडून काही चुकलं, तर तुमी मले किती वर्ष विचारान?”

रूपालीनं अर्जावर सही केली. तृप्ती गेल्यावर मला म्हणाली, पोरगी घाबरट आहे. त्या बाबतीत बोलायचा अधिकार मी केव्हाच घालवला होता.

त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी ती बैठकीच्या आधी ब्लो रूममध्ये गेली आणि सहज लोखंडाचा तुकडा नळीत टाकला. झडप उघडली नाही. तिनं वही पाहिली. दर तासाला ‘चालू’ लिहिलेलं, खाली भिवाजी फिटरची सही. भिवाजी हा विनोदनंतर त्या कामावर आलेला, चांगला, कष्टाळू माणूस; बैठकीतला तो प्रश्न आता ती त्याला विचारायची. यंत्र तिनं स्वतः बंद केलं आणि त्याला बोलावलं. झडप आदल्या दिवशी दुपारपासून अडकली होती. त्यानं दुरुस्त करून पाहिली, जमली नाही. मग सांगितलं का नाही, असं तिनं विचारलं. तो रडायला लागला. म्हणाला, साडेनऊच्या बैठकीत उभं राहून ‘नाही मॅडम’ म्हणायची हिंमत झाली नाही.

अठरा तास ती गिरणी डिटेक्टरशिवाय चालली होती. साडेतीनशे माणसं आत काम करत होती.

भिवाजीला वाटलं, आता गेली नोकरी. तिनं त्याला पाणी दिलं आणि झडप खोलायला त्याच्यासोबत बसली. दीड तास लागला. बैठक अकराला झाली. तिथं तिनं झाला प्रकार सांगितला, भिवाजीचं नाव घेतलं नाही, आणि म्हणाली की लोकांनी बिघाड लपवावा अशी भीती या खोलीत मी घातली आहे. तो प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला. ब्लो रूमच्या दाराशी तिनं पांढुर्ण्यासारखं टेबल मांडलं. मात्र पहिले कितीतरी दिवस त्यावर कोणी काही आणून ठेवलं नाही. आता ठेवतात, पण आजूबाजूला पाहून ठेवतात.

यंदा मालकानं तिला जिनिंग आणि गिरणी दोन्हींची प्रमुख केलं. म्हणजे तृप्ती पुन्हा तिच्या हाताखाली आली. रूपाली स्वतः गाडीनं पांढुर्ण्याला गेली, तिला परत चल म्हणाली. तृप्तीनं चहा पाजला, सगळी यंत्रं दाखवली आणि सांगितलं की काम मन लावून करीन, पण इथंच करीन. रूपालीनं आग्रह केला नाही.

मी रिटायर झालो आहे. मागच्या महिन्यात सौसरच्या बाजारात ती भेटली, भाऊरावांसाठी चप्पल घेत होती. समोरून विनोद येत होता. तिला पाहून वळला आणि दुसऱ्या गल्लीत गेला. मी तिला विचारलं, तृप्ती गेली, भिवाजीचं तसं झालं, आता वाटतं का की त्या कागदावरच थांबायला पाहिजे होतं?

तिनं चपलेची जोडी उलटी करून तळ पाहिला.

“लोकांसाठी थांबाले पाहिजे होतं,” ती म्हणाली. “माह्यासाठी नाई. तो गल्लीत वळला ना काका, मले आत्ताही गोड वाटलं.”

मग तिनं दुकानदाराला एक नंबर मोठी जोडी दाखवायला सांगितली.